दुसऱ्याच्या नावावरचे गोल

डॉक्टर माझ्या मुलाच्या गालावर चापट्या मारत दुसऱ्याच माणसाच्या नावाने त्याला हाका मारत होता. मुलाचे डोळे सुजून बंद झाले होते. ओठ जांभळे पडले होते. छाती वर जात होती, पण हवा आत जात नव्हती. घशातून शिट्टीसारखा बारीक आवाज तेवढा येत होता. डावा पाय फळीला बांधलेला. हाताला सलाइन, त्यातून औषध चाललेलं. खाटेच्या पायथ्याशी पाटी होती. माझी शाळा चौथीपर्यंत झाली आहे, मला वाचता येतं. पाटीवरचं नाव दुसऱ्याचं होतं, वय दुसऱ्याचं होतं.

मी पुढे झाले तर टीमच्या मॅनेजरने माझं कोपर धरलं.

"मावशी, नाव काढू नका," तो कानाशी म्हणाला. "डॉक्टर बघतायत ना. दोन माणसांच्या नोकऱ्या आहेत."

आणि मी गप्प राहिले. तव्यावरची भाकरी उलटायला जेवढा वेळ लागतो तेवढाच, पण राहिले. तू अशी उभी राहशील असं मला कुणी आधी सांगितलं असतं, तर त्याच्या थोबाडीत दिली असती.

हा माझा धाकटा मुलगा. तो फुटबॉल खेळायचा. सगळ्यांच्या पुढे राहून गोल मारणारा असतो ना, स्ट्रायकर, तो. आम्ही लातूरकडचे. नवरा चिंचवडला कारखान्यात लागला आणि आम्ही इथलेच झालो. आमच्या माणसांत कबड्डी नाही तर क्रिकेट. फुटबॉल नवऱ्याच्या कंपनीतले केरळचे कामगार खेळायचे, दर रविवारी महापालिकेच्या मैदानावर. त्यांच्यात हा शिकला. नवरा म्हणायचा, "लाथा मारून कुणाचं पोट भरलंय का?" नवरा गेला तेव्हा मुलगा बारावीला दोनदा नापास झाला होता आणि लाथाच मारत होता.

तो मोठा खेळाडू नव्हता. आई आहे म्हणून मी खोटं बोलणार नाही. जिल्ह्याच्या लीगमध्ये सगळ्यात खालच्या गटात त्याची दहा वर्षं गेली. मी दोन-चारदा बघायला गेले होते. मैदानात गवत कमी आणि खडी जास्त, आणि बघायला कोण, तर खेळणाऱ्यांच्या मोटारसायकली आणि सावलीला बसलेली कुत्री. पण गोलापुढे चेंडू आला की तो कुठे पडणार हे याला बाकीच्यांच्या आधी कळायचं. बाकी आयुष्यात याला कुठलीच गोष्ट आधी कळली नाही.

चांगला खेळला की भिंतीवरचं घड्याळ मिळायचं. का कोण जाणे, सगळीकडे घड्याळंच द्यायचे. आमच्या दोन खोल्यांत पाच झाली. शेजारीण म्हणायची, "काकू, एवढी घड्याळं घरात, पण पोराच्या लग्नाची वेळ एकातबी दिसंना."

लग्न होत नव्हतं कारण नोकरी पक्की नव्हती. तळवड्याला पत्र्याचे भाग काढणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये ठेक्यावर सात महिने, मग ब्रेक म्हणून घरी. मग चाकणला सात महिने, मग ब्रेक. पोरीकडचे पहिला प्रश्न विचारायचे, पर्मनंट का? इथे मुलाचं रंगरूप नंतर बघतात. असं करत तो एकोणतीस वर्षांचा झाला. गुडघ्याला रोज रात्री बाम लागायला लागला.

त्या वेळी तो मॅनेजर घरी आला. चाकणच्या एका मोठ्या कंपनीत तो शिफ्ट सुपरवायझर होता आणि त्यांची फुटबॉलची टीमही बघायचा. थंडीत कंपन्या-कंपन्यांच्या स्पर्धा असतात. नियम असा की खेळणारा त्या कंपनीचा पर्मनंट कामगार पाहिजे, गळ्यात कार्ड पाहिजे. यांच्याकडे अडवणारे होते, गोल मारणारा नव्हता. मग काय करायचं? बाहेरचा खेळाडू आणायचा आणि आपल्या एखाद्या कामगाराच्या कार्डावर मैदानात उतरवायचा. थोडंफार बरेच जण करायचे. ज्याचं कार्ड, त्याला खेळासाठी भरपगारी सुट्टी मिळायची आणि तो घरी टीव्हीपुढे बसायचा.

"दोन वर्षं खेळू दे त्याला, मावशी," मॅनेजर म्हणाला. "कप आला की मी स्वतः साहेबांकडे शब्द टाकतो. पर्मनंट करून घेऊ."

"लिहून देता का?"

तो हसला. "असल्या गोष्टी कुणी लिहून देतं का?"

"आई, तू चहा टाक ना," मुलगा म्हणाला.

मी चहा टाकला. त्या माणसाला दारातूनच वाटेला लावायला पाहिजे होतं. उलट मी मुलाची तयारी करून घेतली. सामन्याआधी कार्ड बघायला माणूस येतो. कार्डावरचा फोटो पुसटलेला होता, पण शंका आली तर तो बापाचं नाव, जन्मतारीख, कार्डाचा नंबर, कंपनीत कुठल्या खात्यात काम ते विचारतो. मी तांदूळ निवडत बसायचे आणि याला समोर बसवून विचारायचे. पहिल्यांदा बापाचं नाव विचारलं तर याने स्वतःच्याच बापाचं सांगितलं.

"तो मेला," मी म्हणाले. "आता हा तुझा बाप. परत सांग."

आणि त्याला बजावलं, कुणी काहीही विचारलं तरी आधी गप्प बसायचं, त्या माणसाचं काय असेल ते आठवायचं, मगच तोंड उघडायचं. दोन आठवड्यांत तो पक्का झाला. मला तेव्हा बरं वाटलं होतं.

पहिल्या वर्षी त्याने अकरा गोल मारले आणि यांना कप मिळाला. कंपनीच्या मासिकात फोटो छापला तो कार्डवाल्याचा. तो माणूस चांगला होता, पण पोट एवढं की कंपनीची बस सुटत असली तरी पळायचा नाही, पुढच्या बसची वाट बघायचा. याने जिंकलेलं घड्याळ त्याच्या नावावर मिळालं होतं, ते द्यायला तो आमच्याकडे आला तेव्हा लाजला होता.

"काय सांगू मावशी, सासऱ्यांचा फोन आला. म्हणाले, जावईबापू, तुम्ही एवढं पळता कधी?"

"मग काय सांगितलं?"

"म्हटलं, ड्युटी संपल्यावर."

आम्ही तिघंही पोट धरून हसलो. साहेबांकडे शब्द मात्र कुणी टाकला नाही. "पुढच्या वर्षी नक्की," मॅनेजर म्हणाला.

पुढच्या वर्षी फायनलच्या आधीचा सामना होता, रविवारी दुपारी. मी घरीच होते. टीममधल्या एकाचा फोन आला, "मावशी, पाय मोडलाय, हॉस्पिटलला या." याने चेंडू पुढे काढला, समोरचा गोलकीपर पाय पुढे करून घसरत आला आणि नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं.

मी रिक्षा केली. हॉस्पिटलच्या खिडकीवर मुलाचं नाव सांगितलं. आतल्या बाईने कॉम्प्युटरमध्ये बघितलं. "या नावाचं कुणी आलेलं नाही."

"अहो, फुटबॉल खेळताना पाय मोडलाय. आत्ताच आणलाय."

"फुटबॉलचा एक आहे, पण तो दुसरा आहे."

तिने जे नाव वाचलं ते मीच त्याच्याकडून घोकून घेतलं होतं. मैदानावरून त्याला तसाच, गळ्यातल्या कार्डावर दाखल केला होता. कार्डावर विमा होता, आणि स्पर्धेत बोभाटा नको होता. ते नाव मैदानाच्या बाहेर इथवर येईल असं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी त्याच नावाचा पेशंट कुठे आहे म्हणून विचारलं आणि आत गेले.

माझ्या मुलाला, तो सात वर्षांचा असताना, घशासाठी पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं होतं. तोंड सुजलं, श्वास अडकला, कसाबसा वाचला. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं, याला हे औषध जन्मात परत देऊ नका. त्यालाही ते माहीत होतं. इथे नर्सने इंजेक्शनच्या आधी विचारलं होतं, कुठलं औषध चालत नाही का? मुलगा शुद्धीवर होता. तो आधी गप्प बसला. तेवढ्यात मॅनेजर म्हणाला, "नाही नाही, काही त्रास नाही." कॉम्प्युटरमध्ये कार्डवाल्याची मागची नोंद होती. त्याच्या हाताला लागलं होतं तेव्हा त्याला हेच औषध दिलेलं, काही झालं नव्हतं. म्हणून यांनी आधी थोडंसं टोचून बघितलंही नाही. हे सगळं मला नंतर कळलं.

मी खाटेशी गप्प उभी होते तेव्हा एवढंच ऐकलं, डॉक्टर नर्सला म्हणाला, "औषधाचं नसणार हे. मागच्या वर्षी हेच दिलंय याला. हाडातली चरबी फुप्फुसात गेली असेल." आणि सलाइनच्या नळीतून थेंब पडतच होते. मी ते थेंब बघितले. मग मॅनेजरचा हात झटकला.

"हा तो माणूस नाही," मी म्हणाले. "हा माझा मुलगा आहे. याला पेनिसिलिन चालत नाही."

"काय?" डॉक्टर वळला.

"पाटी खोटी आहे. तुमच्याकडची नोंद दुसऱ्याची आहे. आधी ती बाटली बंद करा."

त्याने स्वतः हात घालून बाटली बंद केली, मांडीत सुई मारली, तोंडावर मास्क लावला, परत एक सुई मारली. मला बाहेर काढलं. मॅनेजर व्हरांड्यात फोनवर बोलत होता. मला बघून जिना उतरून गेला.

बऱ्याच वेळाने डॉक्टर बाहेर आला. पोरगेलासा होता, घामाने भिजला होता. "श्वास घेतोय आता," तो म्हणाला. मग म्हणाला, "आजी, तुम्ही आत कधी आलात?"

"थोडा वेळ झाला होता."

"मग लगेच का नाही बोललात?"

"बोलले ना," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार होते?

यांची टीम स्पर्धेतून बाद झाली, आधीचा कप परत घेतला. मॅनेजरची दुसऱ्या प्लांटला बदली झाली. कार्डवाल्याला घरी बसवलं. तीन महिन्यांनी परत घेतलं, पण खालच्या जागेवर. त्याची बायको आमच्या दारात आली, आत आली नाही.

"तुमच्या पोरानं लाथा मारल्या त्या आमच्या पोटावर मारल्या," ती म्हणाली.

"त्याचं एकट्याचं नाही. मीही होते त्यात."

"मग तुमचंबी तळपट होवो."

"बरं," मी म्हणाले. ती गेली. तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

मुलाच्या नडगीत सळई घातली, या वेळी सरकारी दवाखान्यात, खऱ्या नावावर. दोन वर्षांत त्याने मारलेले सगळे गोल स्पर्धेच्या वहीतून काढून टाकले. कार्डवाल्याच्या नावावर राहिले नाहीत, याच्याही नाहीत. त्याने चेंडूला परत पाय लावला नाही. आता हिंजवडीजवळ माणला एका आयटी कंपनीच्या गेटवर खुर्चीत बसून येणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहितो. लंगडतो. तीही नोकरी ठेक्यावरचीच.

एकदा जेवताना मी त्याला विचारलं, "नर्सनं विचारलं तेव्हा तू बोलला का नाहीस?"

"तूच म्हणाली होतीस, आधी गप्प बसायचं," तो म्हणाला आणि भात मागितला.

मी भात वाढला. मैदानावर पडलेला आणि त्या खाटेवर दुसऱ्याच्या नावाखाली निजलेला माणूस हाच. माझा धाकटा मुलगा. तो जिवंत आहे.