गुरुवारची मंडळी

चर्चमध्ये किस्से फार साठतात, कारण तिथे कोणी कोणाला तोंडावर काही बोलत नाही. सगळे हसून हात मिळवतात, ‘प्रभूची स्तुती असो’ म्हणतात, आणि बोलायचं राहिलेलं सगळं घरी गेल्यावर चहाबरोबर बाहेर पडतं. मी आमच्या थेरगावच्या मंडळीत पेटी वाजवते. पेटीवालीला सभेच्या आधी यावं लागतं आणि सभा संपल्यावरही थांबावं लागतं, त्यामुळे माझ्याकडचा साठा जरा मोठाच आहे. यातले बरेच किस्से हसण्यासारखे आहेत. मीसुद्धा ते हसतच सांगायचे. हल्ली सांगता सांगता मध्येच गप्प व्हायला होतं.

तर, तीन चर्च. एक आमचं थेरगावचं, डांगे चौकाजवळ, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. आमचे साळवे पास्टर म्हणजे अगदी मऊ माणूस. दुसरं सांगवीचं. तिथे इंजिनिअर, आयटीवाले, प्रोजेक्टर, एसी आणि बंगळुरूला शिकून आलेले डॅनियल सर. तिसरं चाकणचं, म्हणजे गॅरेजशेजारचा एक पत्र्याचा गाळा आणि त्यात अब्राहामभाऊ. भाऊ लातूरकडचे. एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबणाऱ्या मशिनींवर, कामाला होते आणि शिफ्ट सांभाळून पाळकपण करायचे. मशिनींच्या दणदणाटात कान निम्मे गेलेले, त्यामुळे बोलणं, प्रार्थना आणि गाणं, तिन्ही एकाच पट्टीत. ती पट्टी माझ्या पेटीत कधीच सापडली नाही!

महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी तिन्ही मंडळ्यांची मिळून सहभागिता असते. हेतू दोन. एकमेकांना आधार द्यायचा आणि देवाचं मार्गदर्शन शोधायचं. समोसे असतातच.

*

आमच्याकडे ‘नाही’ कोणी म्हणत नाही. ‘प्रार्थनेत ठेवू’ म्हणतात.

माझ्या पेटीचा मधल्या सप्तकातला एक सूर गेला. मी साळवे पास्टरांना म्हटलं, दुरुस्तीला टाकायला हवी. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, “बाई, प्रार्थनेत ठेवू.”

दोन नाताळ गेले. मी तो सूर टाळून वाजवत राहिले आणि मंडळी तो टाळून गायला शिकली! मग एकदा सांगवीचे लोक आमच्याकडे गायला आले. त्यांनी तो सूर जिथल्या तिथे लावला, तर आमची म्हातारी माणसं वळून वळून त्यांच्याकडे बघायला लागली.

“गातात बरे,” एक काका माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “पण बेसूर आहेत हो!”

*

एका वर्षी नाताळ तिघांनी मिळून करायचा का, असा विषय निघाला. तिन्ही पाळकांनी घरी जाऊन प्रार्थना करायची आणि पुढच्या सहभागितेत देवाचं उत्तर आणायचं, असं ठरलं.

डॅनियल सर म्हणाले, “मला स्पष्ट जाणवलं. देव म्हणतोय, पुढे जा. आणि सांगवीच्या हॉलमध्येच करा.”

साळवे पास्टर हळूच म्हणाले, “मला जाणवलं, थांबा.”

दोघंही देवाची माणसं, आता खोटं कोणाला म्हणायचं? सगळे अब्राहामभाऊंकडे बघायला लागले. भाऊ समोसा खात होते.

“मला काई बोलला नाई देव,” ते म्हणाले. “सेकंड शिफ्टला होतो!”

नाताळ तिघांनी वेगवेगळा केला.

*

मग एकदा तिन्ही मंडळ्यांनी एकाच दिवशी उपवास धरायचं ठरवलं. सांगवीच्या उपवासाला ज्यूस चालायचा. आमच्या उपवासाला चहा. अब्राहामभाऊंना हे कोणी सांगितलंच नव्हतं. पहिली शिफ्ट करून, पाण्याचा घोटही न घेता ते सहभागितेला आले आणि दारातच मटकन खाली बसले.

डॅनियल सर धावले. “भाऊ, अहो, ज्यूस तरी घ्यायचा!”

“चालतो व्हय?”

“चालतो ना!”

भाऊ म्हणाले, “मग आधी सांगायचं ना, सर. मी सकाळपासून देवाला सांगायलोय, आमी समदे सारखेच उपाशी हाव म्हणून!”

खूप हसलो आम्ही. साळवे पास्टरांच्या डोळ्यांत तर पाणी आलं हसून.

*

आता गुरुवारचं. आमच्या पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. रविवारी मशिनी चालू. त्यामुळे चाकणच्या मंडळीची उपासना गुरुवारी सकाळी. त्यांचा रविवारच गुरुवारी!

डॅनियल सरांना हे पचेना. “भाऊ, प्रभूचा दिवस रविवार. पुनरुत्थान रविवारी झालं.”

“व्हय, सर,” भाऊ म्हणाले. “पण आमचा सुपरवायझर मानंना!”

सहभागितेच्या शेवटी प्रत्येकजण आपली विनंती सांगतो. कोणाच्या मुलाचा व्हिसा, कोणाचं ॲडमिशन, कोणाचे गुडघे. भाऊंची विनंती दर महिन्याला एकच असायची.

“एक गुरुवार या. कुणी बी या. आमची पोरं कंत्राटी हायेत. गावाकडून एकेकटी यायलेत, एका खोलीत सहा-सहा राहायलेत. मी त्यांना सांगतो, आपले लई लोक हायेत, थेरगावला हायेत, सांगवीला हायेत. पोरं म्हणतात, भाऊ, दिसू तर द्या की! आता निम्मी पोरं यायचीच थांबली. तुमी एकदा येऊन बसलात ना, तर राहतील बघा टिकून.”

हेसुद्धा ते हसतच सांगायचे आणि मोठ्याने, त्यामुळे ऐकू आलं नाही असं कोणालाच म्हणता यायचं नाही. डॅनियल सर म्हणायचे, “नक्की प्रार्थना करतो.” साळवे पास्टर म्हणायचे, “प्रार्थनेत ठेवू.” गुरुवारी डॅनियल सरांचा ऑनलाइन अभ्यासवर्ग असायचा, आयटीवाल्यांना ऑफिस, मला शाळेतले तास. खरंच सगळ्यांना काही ना काही असायचं.

*

सांगवीच्या मंडळीचा वर्धापनदिन होता. रात्रभराची थर्ड शिफ्ट करून सुटलेल्या पोरांना भाऊ घरी न सोडता थेट घेऊन आले. सोबत चाकण मार्केटमधलं कांद्याचं पोतं. पोरांनी मंडप बांधायला हात लावला, खुर्च्या मांडल्या, कांदे चिरून दिले. मग उपदेश सुरू झाला आणि एसीही सुरू झाला. पाच मिनिटांत भाऊ सोडून चाकणची अख्खी रांग झोपली.

डॅनियल सर स्टेजवरून म्हणाले, “चाकणच्या बंधूंकडून शिकण्यासारखं आहे. बघा, डोळे मिटून किती तल्लीन होऊन ऐकतायत!”

तेवढ्यात भाऊंच्या कानाशीच एकजण घोरला. भाऊंनी खणखणीत आवाजात “आमेन!” म्हणून ते झाकलं. तो परत घोरला. “आमेन!” मग दुसऱ्याने सुरुवात केली. “आमेन! आमेन!”

आपल्या कुठल्याही उपदेशाला इतके आमेन मिळाले नाहीत, असं डॅनियल सर अजून सांगतात. त्यांना कोणी खरं सांगितलेलं नाही. पोरं जेवली, भांडी घासून ठेवली आणि गेली. त्यांची नावं विचारायचं कोणाच्या मनातही आलं नाही.

*

आमच्या ह्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा तिन्ही मंडळ्यांच्या ग्रुपवर प्रार्थनेचा पाऊस पडला. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डाच्या दाराशी गलका झाला. बघते तर अब्राहामभाऊ! मागे जिन्यापर्यंत पोरं उभी.

नर्स चिडली. “हळू बोला! पेशंट झोपलेत!”

“हळूच बोलायलोय, सिस्टर. जोरात ऐकायचं असंल तर गाणं म्हणतो!”

ह्यांना टाके होते तरी हसू आवरेना. भाऊंनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि शेजारच्या तीन खाटांवरच्या पेशंटनीही हात जोडले. ते गेल्यावर माझ्या लक्षात आलं, आज गुरुवार. उपासना आटोपून ते आपली सगळी मंडळीच घेऊन आले होते.

*

आणि मग एकदाचं मार्गदर्शन मिळालं! तेही डॅनियल सर आणि साळवे पास्टर, दोघांना एकाच महिन्यात.

“देवाने मला दोनच शब्द दिले,” डॅनियल सर म्हणाले. “चाकणला जा.”

साळवे पास्टर तर उठूनच उभे राहिले. “मलाही तेच. अगदी तेच.”

अब्राहामभाऊ त्या दिवशी ओव्हरटाइममुळे आले नव्हते. कोणीतरी सुचवलं, त्यांना सांगूच नका, सरप्राइज देऊ. सगळ्यांनी ते उचलून धरलं. बस ठरली. गाणारे, माझी पेटी, पुलावाचे डबे, शिवाय बॅनर: ‘चाकणच्या बंधूंनो, आम्ही तुमच्यासोबत आहोत’. दोन्ही चर्चची सकाळची उपासना त्या दिवसापुरती रद्द केली. एवढ्या सगळ्यांना मोकळा असा एकच दिवस होता.

रविवार!

दर महिन्याला भाऊंच्या तोंडून गुरुवार, गुरुवार ऐकलेली आम्ही बसभर माणसं. एकाच्याही डोक्यात आलं नाही. आमच्या लेखी उपासना म्हणजे रविवार, विषय संपला.

ट्रकांच्या रांगेत अडकत, गाणी म्हणत पोचलो, तर गाळ्याचं शटर खाली. शेजारचा गॅरेजवाला टायर खोलत बसला होता.

“आज कसं काय?” तो म्हणाला. “त्यांचं गुरुवारी असतंय.” मग त्याने बॅनर वाचला, आमच्याकडे नीट बघितलं. “तुमी त्यांचीच मान्सं ना? मंग तुमाला न्हाई व्हय म्हाईत?”

भाऊंना फोन लावला. लागणार कसा, प्रेस शॉपमध्ये मोबाइल आत नेऊ देत नाहीत. आलोच आहोत तर म्हणून शटरसमोर दोन गाणी म्हटली, प्रार्थना केली, पुलाव खाल्ला, गॅरेजवाल्यालाही दिला. मग बॅनर धरून शटरसमोर सगळ्यांचा फोटो काढला. डॅनियल सरांनी तो ग्रुपवर भाऊंच्या नावाने टाकला आणि खाली लिहिलं, ‘सरप्राइज!’

शिफ्ट सुटल्यावर भाऊंचं उत्तर आलं. ‘देव तुमचं भलं करो. पोरांना दाखवतो. आता गुरुवारी या.’

आम्ही सगळ्यांनी खाली हात जोडल्याची चित्रं टाकली.

हा किस्सा मी लग्नांत, बारशांत, स्टाफरूममध्ये, कुठे कुठे म्हणून सांगितला नाही! लोक पोट धरधरून हसायचे. आता मी तो आपणहून कोणाला सांगत नाही.

*

त्यानंतर भाऊ सहभागितेला दिसेनात. आधी वाटलं, ओव्हरटाइम असेल. मग फोनही बंद यायला लागला. साळवे पास्टर म्हणाले, “भाऊंना प्रार्थनेत ठेवू.” ठेवलं.

पुढे एका गुरुवारी शाळेला स्थानिक सुट्टी पडली. मी साळवे पास्टरांना म्हटलं, चला, आज जाऊन येऊ. बस रखडत होती आणि ते सारखे घड्याळ बघत होते. “उशीर झाला तरी निदान शेवटची प्रार्थना मिळेल, बाई,” असं दोनदा म्हणाले.

शटर उघडं होतं. आत छताला टेकतील अशी कांद्याची पोती. काट्याजवळ एक पन्नाशीचा व्यापारी बसला होता. आम्ही अब्राहामभाऊंची चौकशी केली.

“त्ये गेलं की गावाकडं,” तो म्हणाला. “कंपनीनं कंत्राट बंद केलं त्यांचं. पोरं तर कवाच पांगली. गाळा सोडायच्या आधी म्या जागा बघाया आलो, तवा त्ये एकलेच बसलेले. मोठमोठ्यानं गानं म्हनत व्हते. मला वाटलं, आत लई मान्सं हायेत.”

साळवे पास्टरांनी चष्मा काढला आणि नुसताच हातात धरून उभे राहिले. मला रडू येत होतं आणि त्या माणसासमोर रडायची लाज वाटत होती, म्हणून मी भिंतीकडे तोंड फिरवलं.

भिंतीला लागून सगळीकडे पोती होती, फक्त मधला हातभर भाग मोकळा सोडलेला. तिथे काचेच्या फ्रेममध्ये आम्ही सगळे. हसणारी बसभर माणसं, पुढे बॅनर, मागे बंद शटर.

व्यापाऱ्याने आधी फोटोकडे बघितलं, मग पास्टरांकडे, मग माझ्याकडे. एकदम उठला, दोन पोती बाजूला ओढून त्याने बसायला जागा केली, खांद्यावरच्या टॉवेलने ती झटकली.

“बसा, बसा ना,” तो म्हणाला. “भाऊ बजावून गेल्यात मला. फोटू भिंतीवरनं काढू नका म्हनले, ही लोकं गुरुवारी येनार हायेत.”