एक बाथरूम आणि अर्धी फोडलेली पायरी

फोन वामनच्या नंबरवरून आला, म्हणून उचलल्या उचलल्या मीच बोलायला लागलो. "येतो गा, येतो. पाठ शेकून राहिलो जरा..." पलीकडे वामन नव्हता. शालूवहिनी होत्या. तीन वर्षांपूर्वी लकवा मारून गेल्यापासून त्यांची जीभ जड झाली आहे, अर्धे शब्द तोंडातच राहतात. त्या दोनदा काहीतरी म्हणाल्या, मला कळलं नाही. तिसऱ्यांदा "पडले" एवढंच ऐकू आलं. वामन त्या सकाळी दारापुढच्या पायऱ्या फोडणार होता, हे मला ठाऊक होतं, कारण त्याच्या मदतीला मीच जाणार होतो. म्हणून मी विचारलं, "काय पडलं वहिनी? पायरी?" त्यावर त्या नुसत्या रडायला लागल्या. मग शेजारच्या बाईंनी फोन घेतला आणि म्हणाल्या, "भाऊ, लवकर या. वामनभाऊ उठूनच नाही राहिले."

सक्करदऱ्यात आमच्या दोघांच्या घरांमध्ये दहा मिनिटांचं अंतर आहे. मी चपला घालून निघालो तेव्हा साडेदहा वाजले होते. नऊला येतो म्हणालो होतो. आणि मी पाठबीठ काही शेकत नव्हतो. खुर्चीत बसून पेपर वाचत होतो. पायऱ्या अर्ध्याअधिक फुटल्या की जावं, म्हणजे घण उचलायची वेळ आपल्यावर येणार नाही, असा माझा हिशेब होता... या गोष्टीला आता दीड महिना होऊन गेला. वामनबद्दल लिहा, असं दोघातिघांनी सांगितलं. लिहायचं तर इथूनच सुरुवात करायला हवी होती.

वामन आणि मी वीजकेंद्रात फिटर होतो. निवृत्तीआधीची शेवटची वर्षं आम्ही मौद्याला काढली. पहाटे एकाच थांब्यावरून बस, एकाच बाकावर बसणं, एकाच डब्यात जेवण. वामनचे हात कामाच्या माणसाचे होते, रुंद आणि खरखरीत, पण नट बसवताना असे हलके फिरायचे की नवीन मुलं हातातलं काम सोडून बघत राहायची. घरीही तेच. गल्लीत कोणाचा पंखा बंद पडला, कोणाची मोटर पाणी ओढेना की वामनला हाक. "आपल्याले हात आहेत ना? मंग कारागीर कायले पाहिजे?" हे त्याचं ठरलेलं वाक्य. चाळिशीत ते ऐकून आम्ही हसायचो. एकोणसत्तराव्या वर्षीही तो तेच म्हणाला आणि तेव्हा आमच्यापैकी एकानंही त्याला अडवलं नाही.

वहिनींना लकवा झाला तेव्हा वामनच्या घरातलं संडास-बाथरूम मागच्या अंगणाच्या टोकाला होतं. खोलीतून तीन पायऱ्या उतरायच्या, मग फरशीचं अंगण, मग पुन्हा उंबरठा. डाव्या पायात जोर नसलेली बाई रोज पाच-सहा वेळा हा प्रवास वामनच्या खांद्यावर करायची. एकदा दोघंही पडले. वहिनींच्या कपाळाला खोक पडली. त्या दिवशी वामननं ठरवलं की झोपायच्या खोलीला लागूनच बाथरूम काढायचं. आधी त्यानं रीतसर मिस्त्री बोलावला. मिस्त्री जागा बघून म्हणाला, "काका, एवढ्याशा कामाले कोन येते?" आणि गेला तो गेलाच. दुसऱ्यानं दोन दिवस येऊन खोलीची निम्मी फरशी उखडली आणि दिवाळीला गावी जाऊन येतो म्हणाला. दिवाळी होऊन गेली, त्याचा फोन लागेना. उखडलेल्या फरशीवरून वहिनींना आता खाटेपर्यंतही जाता येईना.

वामनचा मुलगा प्रशांत बेंगळुरूला असतो. चांगला मुलगा आहे, हे मी कडवटपणानं म्हणत नाही. तो व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "बाबा, तुम्ही काहून करून राहिले हे सगळं? घर विका, लिफ्टवाला फ्लॅट घ्या, नाहीतर दोघंही इकडे या." वामननं फोन वहिनींकडे वळवला. त्या काहीतरी बोलल्या. प्रशांतला कळलं नाही. "आई काय म्हणते?" त्यानं विचारलं. वामन म्हणाला, "पाहा. तुले नाही समजलं. इथं गल्लीतल्या बायाइले तिचं सगळं समजते. तुह्या फ्लॅटमधी तिच्याशी कोन बोलीन?" त्या दिवशी मी तिथंच चहा पीत बसलो होतो. मला वामनचं म्हणणं पटलं. आजही पटतं. फक्त त्यापुढचं वाक्य मी बोलायला हवं होतं, की ठीक आहे, घर सोडू नको, पण आपण दोघं मिळून चांगला मिस्त्री शोधू, महिनाभर लागला तरी चालेल. ते वाक्य मी बोललो नाही. मला वाटलं, वामन आहे, करून टाकेल.

पहिला आठवडा तर आम्ही पोरांसारखे उड्या मारत होतो. नऊ इंची भिंत, छिन्नी आणि हातोडा. वामन फोडायचा, मी विटा घमेल्यात भरून अंगणात टाकायचो. भिंतीला आरपार भोक पडलं आणि पलीकडचा उजेड खोलीत आला तेव्हा वामननं त्यातून हात बाहेर काढून हलवला आणि मी त्याचा फोटो काढला. तो फोटो आमच्या निवृत्तांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. "सलाम", "तरुण तुर्क", "वय म्हणजे फक्त आकडा" असे मेसेज आले. अंगठेच अंगठे. अंगठे पाठवणारे निम्मे लोक सायकलनं येता येईल एवढ्या अंतरावर राहतात. कामाला हात एकाचाही आला नाही.

दुसऱ्या आठवड्यात माझी कंबर धरली. मुलीनं मला दम दिला, "बाबा, तुम्ही पुन्हा घमेलं उचलताना दिसले तर मी वामनकाकांशी भांडेन." मला तेवढंच निमित्त पुरलं. नंतर मी रोज जायचो, पण खुर्ची टाकून बसायचो. लेव्हल धरायची, खिळे मोजून द्यायचे, चहाला हाक मारायची. रेती वामनच आत न्यायचा. सिमेंटची गोणी दारातून आत ओढत न्यायचा. मध्येच भिंतीला टेकून उभा राहायचा आणि मी पाहतोय असं दिसलं की भिंतीचं प्लास्टर तपासल्यासारखं करायचा. मी दुसरीकडे बघायचो. आमच्या वयाच्या पुरुषांत ही एक रीत असते... दुसऱ्याला लागलेली धाप आपल्याला दिसली नाही असं दाखवायचं. आम्ही त्याला मैत्री म्हणतो.

कमोड आणायला आम्ही त्याच्या स्कूटरवर इतवारीत गेलो होतो. टेम्पोवाला संध्याकाळी येतो म्हणत होता, वामनला थांबायचं नव्हतं. मी मागे बसलो आणि खोक्यातला तो कमोड दोन्ही हातांनी पोटाशी धरला. हातगाड्या, हमाल, भांड्यांची दुकानं, त्या गर्दीतून वामन स्कूटर काढत होता आणि मी मागून ओरडत होतो, "हळू गा, हळू, फुटलं तं मी नाही देणार भरून!" एका हातगाडीवाल्यानं विचारलं, "काका, काय घेऊन चालले?" वामननं मागे न बघता उत्तर दिलं, "राणीचं सिंहासन!" आम्ही सक्करदऱ्यापर्यंत हसत आलो. दारात स्कूटर लावून त्यानं खोका माझ्या हातातून घेतला, चार पावलं चालला आणि तो तिथंच खाली ठेवून रेतीच्या ढिगावर बसला. चेहरा राखेसारखा. डाव्या जबड्याखाली हात दाबून धरलेला. थंडीचे दिवस आणि गळ्यावर घाम.

"काय होऊन राहिलं?" मी विचारलं.

"गॅस आहे. सकाळपासून काही खाल्लं नाही ना."

"जबड्यात गॅस होते का बे?"

तो हसला नाही. गळ्यावरचा घाम पुसत म्हणाला, "दोन-तीनदा झालं असं. बसलो की जाते. सुधाकर, शालूले सांगू नको. प्रशांतले तं मुळीच नको. तो उद्या विमानात बसून येईन आणि आम्हाले उचलून नेईन. हे काम झालं की मीच दाखवतो डॉक्टरले."

मी म्हणालो, "पाहा बाप्पा." एवढंच. मला त्याला स्कूटरवर घालून दवाखान्यात नेता आलं असतं. आत जाऊन वहिनींना सांगता आलं असतं. प्रशांतचा नंबर माझ्या खिशातल्या फोनमध्ये होता. पण मग वामन विचारणार, तू रोज खुर्चीत बसून होता, तेव्हा तुले नाही दिसलं का? या प्रश्नाला मी घाबरलो. त्यानं मागितलेला शब्द मी पाळला आणि त्याला मैत्रीचं नाव दिलं.

बाथरूम पूर्ण झालं. खोटं कशाला बोलू, देखणं झालं. पांढऱ्या टाईल्स, खरखरीत फरशी, कमोडच्या बाजूला स्टीलचा दांडा, वहिनींच्या उजव्या हाताच्या उंचीवर. पहिल्या दिवशी वहिनी खाटेवरून उठल्या, भिंत धरत धरत एकट्या आत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांच्यासोबत आत कोणी नव्हतं. वामन आणि मी बाहेर उभे होतो, कान देऊन, लाज वाटत असूनही. बऱ्याच वेळानं कडी निघाली. वहिनी बाहेर आल्या आणि वामनकडे बघून त्यांनी एक शब्द उच्चारला. मी विचारलं, "काय म्हणतात वहिनी?" वामन तोंड पुसत म्हणाला, "म्हणते, दार आतून लागते."

इथं तो थांबला असता तर... पण कामाचा माणूस थांबत नाही आणि आपण सगळे त्याचं याच गोष्टीसाठी कौतुक करत असतो. आता वहिनींना गल्लीत बसायला जाता आलं पाहिजे, म्हणून पुढच्या दोन दगडी पायऱ्या काढून तिथं उतार करायचा. डॉक्टरचं मी एकदा विचारलं. "उतार झाला की," तो म्हणाला. बाथरूम झाल्यावर बाराव्या दिवशी सकाळी त्यानं घण घेतला. मी नऊला पोहोचलो नाही. त्यानं एकट्यानं वरची पायरी फोडली, खालची अर्धी फोडली आणि तिथंच बसला. वहिनी खिडकीतून बघत होत्या. त्यांनी हाका मारल्या, पण त्या गल्लीत बराच वेळ कोणाला ऐकू गेल्या नाहीत. दवाखान्यात नेलं तेव्हा सगळं संपलं होतं. प्रशांत संध्याकाळी आला. दुसऱ्या दिवशी वामनला घराबाहेर काढताना त्या फुटक्या पायरीवर आमच्यातला एक जण अडखळला आणि तिरडी कलली. माझा खांदा त्याच बाजूला होता.

विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. एकामागून एक माणसं उठून बोलली. वामनराव शेवटच्या श्वासापर्यंत कार्यरत होते, त्यांनी कधी कोणापुढे हात पसरला नाही, असा कष्टाळू माणूस होणे नाही. मलाही बोलायला लावलं. मीही तेच बोललो. लोकांनी माना हलवल्या. मला उभ्या उभ्या ओरडून सांगावंसं वाटत होतं की त्यानं हात पसरला होता. मिस्त्रीपुढे पसरला होता, माझ्यापुढेही पसरला होता. आम्ही त्या हातावर शाबासकी ठेवली.

कार्यक्रम झाल्यावर प्रशांत माझ्याजवळ येऊन बसला. डोळे सुजलेले. "काका, तुम्ही रोज सोबत होता. बाबांना आधी काही त्रास झाला होता का? छातीत वगैरे?"

मी म्हणालो, "नाही बेटा. मले तरी कधी बोलला नाही."

प्रशांत, आता हे तू वाचशील. तेव्हा मी खोटं बोललो. मला माहीत होतं. पाच आठवडे आधीपासून माहीत होतं. तू विमानात बसून आला असतास, त्यांना ओढून नेलं असतंस, वामननं मला आयुष्यभर शिव्या दिल्या असत्या. त्या शिव्या द्यायला आज तो असता. तुझ्याकडे माफी मागायची माझी लायकी नाही, पण निदान तुला हे मरेपर्यंत कोडं राहू नये.

वहिनींना प्रशांत घेऊन गेला. त्याच्याजवळ दुसरा उपाय नव्हता. त्यांनी जायला नकार दिला, मानेनं, हातानं, सगळ्या अंगानं. गल्लीतल्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या फुटलेल्या पायरीवरून वहिनींना उतरता येणं शक्यच नव्हतं. शेवटी आम्ही चौघांनी त्यांना खुर्चीसकट उचललं आणि गाडीत ठेवलं. माणूस मेला तो बायकोनं इथून आपल्या पायांनी उतरावं म्हणून. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

घराची किल्ली माझ्याकडे आहे. प्रशांतनं सांगितलं की विकायचं ठरेपर्यंत अधूनमधून उघडून हवा लागू द्या. दर रविवारी जातो. खिडक्या उघडतो. बंद बाथरूमच्या जाळीखालचं पाणी आटलं की नाल्याचा वास खोलीत येतो, म्हणून एक बादली पाणी फरशीवर ओततो. ते पाणी भिंतीकडे जात नाही, दाराकडे येत नाही, कोपऱ्यात थांबत नाही. चारी बाजूंनी सरळ जाळीकडे जातं आणि मिनिटाभरात फरशी कोरडी व्हायला लागते. लोकांच्या लाखोंच्या फ्लॅटमध्ये मी तळी साचलेली पाहिली आहेत. इथं एक थेंब राहत नाही. गुडघ्यावर बसून, धाप लागत असताना, त्यानं हा उतार बोटाबोटानं काढला असणार. मी रिकामी बादली घेऊन बघत उभा राहतो आणि मला त्याचा राग येतो... इतकं नीट करायची काय गरज होती गा वामन?