राजांची छबू

एस्तेरबाई कधी बसत नसत. मधल्या सुट्टीत आम्ही शिक्षिका खुर्च्या ओढून डबे उघडायचो. त्या मात्र हातात भाकरी धरून खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या मारायच्या. "अहो, टेका जरा," म्हटलं की उत्तर ठरलेलं, "बसलं की माणसं विचारायला लागतात."

श्रीरामपूरला मुलींच्या शाळेत त्या शिवण शिकवायच्या. सत्तर-एकाहत्तरच्या सुमारास मी तिथे नवी लागले. पहिल्याच आठवड्यात आमच्या शिपाईणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "त्या साध्या बाई न्हाईत. राजाची लेक हाय ती. वाचलेली."

गोष्ट साऱ्या गावाला पाठ होती. तीसेक वर्षांपूर्वी गोदावरीपलीकडच्या एका लहानशा राजघराण्यातली सगळी माणसं भाऊबंदांनी एकाच वेळी कापून काढली होती. राजाच्या धाकट्या लेकीचं, छबूचं, प्रेत तेवढं सापडलं नाही. मग कोणी म्हणे दासीनं तिला कणगीत लपवलं, कोणी म्हणे गवळ्यानं म्हशीच्या पाठीवरून नदीपार नेलं. नाशिकच्या मठात तिला जोगिणीच्या वेशात पाहिल्याचं शपथेवर सांगणारेही भेटत. एस्तेरबाई त्याच सुमारास, चार-पाच वर्षांच्या असताना, मिशनच्या बोर्डिंगात आल्या होत्या. नाक सरळ, रंग उजळ. लोकांना एवढं पुरलं.

एकदा बाजारात एका बाईनं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. एस्तेरबाईंनी पाय असे झटक्यात मागे घेतले की ती बिचारी पडतापडता वाचली. चार पावलं पुढे गेल्यावर त्या परत फिरल्या, तिला हात देऊन उठवलं. "मी ती नाही हो, मावशी," त्या म्हणाल्या. मावशी हसली. राजाची लेक असंच बोलणार, हे तिला ठाऊक होतं.

बहात्तरच्या दुष्काळात गावाबाहेरच्या रस्त्यावर खडी फोडण्याची कामं निघाली. शनिवारी शाळा सुटली की एस्तेरबाई मला ओढत तिकडे न्यायच्या. हातोड्या चालत असत, खडीच्या ढिगांच्या सावलीला लेकरं निजलेली असत. त्या बघत राहायच्या आणि मग एकदम चालू लागायच्या. असंच एकदा चालता चालता म्हणाल्या, "लीलाबाई, माझी आई अशीच खडी फोडायची. तिथेच तापानं गेली. मुकादमानं मला मिशनात नेऊन सोडलं. तिच्या हातांचे घट्टे मला अजून गालावर आठवतात. लोकांना मेलेली पोर जिवंत करायचीय. समोर जिवंत उभी आहे, तिचं काय?"

त्यानंतर थोड्याच दिवसांनी कोंडाबाई आली. राजांच्या घरची जुनी दासी, दृष्टी जवळजवळ गेलेली. गावातल्या एका कापडदुकानदारानं हौसेनं तिला शोधून एस.टी.नं आणलं होतं. शाळेच्या पटांगणात ही गर्दी जमली. म्हातारीनं एस्तेरबाईंचा चेहरा चाचपला.

"छबू, तूच नव्हं का गं? पळताना माज्या हातातनं तुजा हात सुटला. म्या मागं वळून बगितलं न्हाई, माय. तवापास्नं हुडकतीय. सांग, जिती हायेस नव्हं?"

दुकानदार म्हणाला, "सांगा बाई. आता तरी सांगा."

एस्तेरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. खरं काय ते आम्हा दोघींनाच माहीत होतं. आजवर साऱ्यांना नाही म्हणणारी ही बाई आताही नाहीच म्हणेल, असं मला वाटलं. त्यांनी म्हातारीचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. एरवी शुद्ध बोलणाऱ्या एस्तेरबाई तिच्याच बोलीत म्हणाल्या, "व्हय, कोंडामाय. जिती हाय मी."

कोंडाबाई त्यांच्याच खोलीवर राहिली. एस्तेरबाई तिला न्हाऊ घालत, भाकरी कुस्करून भरवत. उन्हाळ्यात म्हातारी शांतपणे गेली. शेवटचं पाणीही त्यांनीच पाजलं.

मग मात्र रीघ लागली. दर्शनाला माणसं येऊ लागली. ज्यांनी घराणं कापलं, त्या भाऊबंदांच्या घरूनही साडी-नारळ आला. एस्तेरबाईंनी मुख्याध्यापिकांना खरं सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "आता पुरे. सगळ्यांसमोर तुम्हीच कबूल केलंत ना?"

जून उजाडायच्या आत त्यांनी नोकरी सोडली. नगरला एका वसतिगृहात जागा मिळाली होती. मी त्यांना एस.टी. स्टँडवर पोचवायला गेले. गाडी लागली होती. पिशवी त्यांच्या हाती देताना मी विचारलं, "तुमच्या आईचं नाव काय होतं?"

त्या पायरीवर थबकल्या. बहुधा हे त्यांना कधी कोणी विचारलंच नव्हतं.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "मी तिला आईच म्हणायचे."