ढाल प्रीती गटाकडे

तुमच्या मंडळीत प्रीती कोणत्या गटाकडे आहे? आमच्याकडे ती सावेडीकडे राहणाऱ्यांकडे आहे.

मी थट्टा करत नाही. नगरमधल्या आमच्या चर्चच्या पंच कमिटीने काही वर्षांपूर्वी सगळ्या घरांचे तीन गट पाडले आणि त्यांना विश्वास, आशा आणि प्रीती अशी नावं दिली. चर्चच्या आवारातली घरं विश्वासात, सावेडीकडची प्रीतीत, आणि उरलेले, म्हणजे स्टेशनपासून नागापूरपर्यंत पांगलेले सगळे, आशेत. उरलेल्यांना आशाच देतात, हे आपल्या देशात नवं नाही. गटांना गुण मिळतात: उपस्थितीचे, पाठांतराचे, घरभेटींचे. नाताळात पहिल्या आलेल्या गटाला पितळी ढाल. सध्या ती प्रीती गटाच्या प्रमुखांच्या दिवाणखान्यात टीव्हीच्या वर लावलेली आहे. पाहुण्यांचं लक्ष तिकडे गेलं नाही, तर हे प्रमुख काका टीव्हीचा आवाज कमी करतात.

मी पत्रकांवर वाढले. वडील सुट्टीच्या दिवशी स्टँडवर धार्मिक पत्रकं वाटायचे आणि उरलेली घरी आणायचे. आमच्याकडे गोष्टींची पुस्तकं कमी आणि पत्रकं पोत्याने होती. त्यातल्या एका पिवळ्या पडलेल्या पत्रकात मी वाचलं होतं की न्याय, धैर्य, संयम हे गुण कोणत्याही धर्माचा माणूस सरावाने अंगी बाणवू शकतो. पण विश्वास, आशा आणि प्रीती ही देवाची दानं आहेत. ती कमावता येत नाहीत, आणि त्यांचं तोंड नेहमी देवाकडे असतं. शाळकरी वयात मला हे फार अन्यायाचं वाटलं. अभ्यास न करता मिळतं ते कसलं बक्षीस? आता वाटतं, कमिटीने तेवढं एक पत्रक वाचलं असतं तर ढालीचा खर्च वाचला असता. जे फुकट मिळालं, त्यात पहिला नंबर कसा काय येतो?

आशा गटात एक सिस्टर आहेत. जन्मभर दवाखान्यात नर्स होत्या, म्हणून लहानथोर सगळेच त्यांना सिस्टर म्हणतात. खुब्याचं हाड मोडल्यावर त्या आवारातली खोली सोडून भाच्याकडे नागापूरला राहायला गेल्या. भाचा एमआयडीसीत शिफ्टमध्ये कामाला, खोली पहिल्या मजल्यावर, जिना अरुंद. उन्हाळ्यात मी भेटायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "प्रभुभोजनाच्या रविवारी मला चर्चला ने."

"भाकर नि प्याला पाळकसाहेब घरी येऊन देतील की, सिस्टर."

"घरी औषध येतं, गॅसची टाकी येते. मला पंगतीत बसायचंय. शेजारी ती खोकणारी बाई असली तरी चालेल."

मी हे कमिटीपुढे ठेवलं. विश्वास गटाचे प्रमुख डोळे मिटून म्हणाले, "आपण प्रार्थना करू. सिस्टर स्वतःच्या पायांनी जिना उतरतील."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत प्रार्थना चालू ठेवू."

देवाला कामाला लावून स्वतः बसून राहणं म्हणजे विश्वास, असं त्या पिवळ्या पत्रकात तरी नव्हतं. पण सिस्टर आशा गटाच्या होत्या, म्हणून सगळ्यांनी आशा गटाच्या प्रमुखांकडे पाहिलं. ते भले गृहस्थ आहेत. "पुढच्या महिन्यात नक्की बघू," ते म्हणाले. हे ते सिस्टर पडल्यापासून म्हणत होते. आमच्याकडे आशा म्हणजे पुढची तारीख. खरं तर देव शब्द पाळणार या भरवशावर आजच बाह्या सरसावणं म्हणजे आशा. पण तशी आशा केली की घाम येतो.

मग मी प्रीतीकडे वळले.

"सिस्टर आमच्या गटात नाहीत ना, बाळ," काका म्हणाले. "दुसऱ्यांच्या गटात घरभेट दिली तर गुण कोणाला लावायचे? मागे यावरून वाद झालेत."

"गुण नाही मिळाले तरी चालेल की, काका."

"असं कसं चालेल? मग लोक भेटी कशाला देतील?"

यावर कोणी हसलं नाही. पाळकसाहेबांनी घरी जाऊन प्रभुभोजन द्यावं असं ठरलं. सिस्टरना ते नको आहे, असं मी सांगितल्यावर त्या हट्टी आहेत असंही ठरलं.

पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी तरुण संघातले दोन मित्र आणि मी रिक्षा करून नागापूरला गेलो. सिस्टरना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून जिना उतरवायला लागलो. वळणावर खुर्ची तिरकी झाली.

"डोकं वर, पाय खाली," सिस्टर म्हणाल्या. "मला अजून पुरायला न्यायचं नाहीये."

रिक्षावाल्याने खुर्चीचा एक पाय धरला. "मावशी, लई जड हाय वो तुमी."

"तू रिक्षा हाक. जड किती ते ही पोरं बघतील."

आम्ही पोचलो तेव्हा दुसरं गीत चालू होतं. खुर्ची बाकांच्या मधल्या वाटेत ठेवली. त्या दिवशी गटवार हजेरी होती, आणि ज्या सिस्टरना इतके दिवस कोणी वाली नव्हता, त्यांना एकदम तीन वाली मिळाले. सिस्टरचं मूळ घर आवारातलं, म्हणून त्या विश्वासाच्या. नागापूर आशेच्या हद्दीत, म्हणून आशेच्या. काका कुजबुजले, "आणणारी मुलगी आमच्या गटातली. ही आमची भेट धरा."

सिस्टरना कमी ऐकू येतं, म्हणून त्या मोठ्यानेच बोलतात. "मोजून झालं की सांगा. तोवर मी जेवून घेते."

पुढच्या बाकांवरून हसू फुटलं. खुर्ची वेदीपर्यंत नेता येत नव्हती, म्हणून पाळकसाहेब भाकर आणि प्याला घेऊन खाली आले. ती खोकणारी बाई उठून सिस्टरच्या शेजारी फरशीवर बसली. मग आणखी काही जण आले. पंगत मधल्या वाटेत बसली, आणि कोण कोणत्या गटातलं ते हजेरी घेणाऱ्यालाही सांगता येईना. सिस्टरनी भाकर घेतली, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. कमिटीला वाटलं, झोप लागली. मी जवळ होते. त्या रडत होत्या.

प्रीतीचं तोंड देवाकडे असतं हे मला तेव्हा दिसलं. कमिटीच्या नकळतही ती तिकडेच बघत होती.

परत जिना चढवताना एका मित्राची कंबर धरली; डॉक्टरांनी त्याला वजन उचलायला बंदी केली आहे. दुसऱ्याला आता रविवारची शिफ्ट लागली आहे. वर पोचल्यावर सिस्टरनी विचारलं, "पुढच्या महिन्याला?" मी हो म्हणून बसले आहे. कमिटीने या विषयावर एक उपसमिती नेमली असून तिची बैठक व्हायची आहे.

म्हणून हे तुम्हाला लिहिते आहे. नगरचे असाल तर येत्या प्रभुभोजनाच्या रविवारी सकाळी माझ्याबरोबर नागापूरला चला. ख्रिस्ती असण्याची अट नाही, हात धडधाकट हवेत. नगरचे नसाल तर तुमच्याही रस्त्यावर वरच्या मजल्यावर कोणीतरी अडकून बसलेलं असेल. आज संध्याकाळी वर जा, कुठे जायचंय ते विचारा, आणि जाताना आणखी एक माणूस सोबत घ्या. खुर्ची एकट्याने उतरवता येत नाही.