ओल्या सोवळ्याखाली

लग्न होऊन आदिलाबादेत आले तेव्हा मी सातवी पास होते. त्याचा तोरा एवढा, की पाणी आणायला जाताना घागरीपेक्षा मान ताठ. अक्कल तेवढी माहेरी राहून गेली होती.

हे कचेरीत कारकून. उर्दूत लिहिता लिहिता निजामाचं राज्य गेलं, मग भाषेवार राज्यं झाली आणि आमचा जिल्हा आंध्रात गेला. आता तेलुगू यायला हवं होतं. नुसतं लिहून भागणार नव्हतं, साहेबांपुढं उभं राहून मोठ्यानं वाचायचं होतं. नाही जमलं तर नोकरीवर पाणी. तेलुगू यांना आलं होतं, पण ऐन तयारीत थंडी पडली आणि घसा धरला. दोन ओळी झाल्या की खोकला.

आमच्याकडची थंडी कोरडी. ओठ तडकतात, नाकात रक्ताच्या खपल्या धरतात. मी सातवी पास, मला वाटलं, ऊब हवी. खिडकी बंद करून कोळशाची शेगडी अशी फुलवली की खोलीची भट्टी झाली. हे खोकत खोकत उशी काखेत मारायचे आणि सासूबाईंजवळ देवघरात जाऊन झोपायचे. तिथं उंच दांडीवर त्यांचं सोवळं असायचं. म्हणजे पूजेला नेसायचं लुगडं, दुपारी धुऊन, कुणाचा हात लागू नये म्हणून काठीनं वर टाकलेलं. त्याखाली यांना निवांत झोप.

मी समजले, लेक आईचा पदर सोडत नाही! नवीन नवरी मी; जळफळाट झाला नुसता. मग सुचला कावा. दिवेलागणीला सोवळं वाळत आलं की काठीनं खाली ओढायचं, हात लावायचा आणि ओरडायचं, "अगबाई, शिवले की मी!" सासूबाई विहिरीच्या गार पाण्यातून लुगडं पुन्हा काढायच्या आणि निथळतंच वर टाकायच्या. मला वाटे, वैतागून एक दिवस लेकाला म्हणतील, जा बाबा बायकोकडे.

झालं भलतंच. एका सकाळी हे वाचायला बसले आणि पान संपलं तरी खोकले नाहीत.

यांना देवघरच मानवतंय म्हटल्यावर कावा फसला; त्या संध्याकाळी मी शिवले नाही. सासूबाईच दारात आल्या. "काऊन वं, आज शिवत नाही?"

मी शेगडी फुंकायला लागले.

"शीव ना. वर ओलं असलं की त्याचा घसा सुकत नाही. दुपारचं धुतलेलं रातीपर्यंत वाळून जाते. इतक्या वर्षांत माह्या ध्यानात आलं नाही, तुह्या खोडीनं आलं. आन् ते शेगडी विझव आधी. नवऱ्याले भाजून राह्यली का?"

हसू आलं, पण तेवढ्यात त्यांचे हात दिसले. गार पाण्यानं बोटांना भेगा पडल्या होत्या, एकीतून रक्त येत होतं. रोज दोनदा त्या धूत होत्या आणि मी रोज समोर होते.

"आजपासून मी धुते," म्हटलं.

"धू. अन् घेऊन चाल."

निथळतं लुगडं त्यांनी स्वतः आमच्या खोलीतल्या दोरीवर टाकलं. पूजेचं सोवळं, नवरा-बायकोच्या अंथरुणावर! मी विचारलं, "आई, मग पूजा?"

"धाबळी हाये ना."

लोकरीची धाबळी. एवढ्या-तेवढ्यानं बाटत नाही, पण सुकल्या अंगाला टोचते. परीक्षा होईपर्यंत त्या रोज तीच नेसून देवापुढं बसल्या. आरती म्हणताना खांदे चोळायच्या. मी खोलीत लुगडं भिजवायचे, उशाशी पाण्याचं घंगाळ भरून ठेवायचे आणि तोंड बंद ठेवायचे. शेवटचं काम सगळ्यात जड गेलं.

हे परीक्षा देऊन आले, पास झालो म्हणाले. सासूबाईंनी साखरही दिली नाही. समोर बसवलं. "तिथं वाचलं ते वाच."

यांनी अख्खं पान वाचलं. सासूबाईंना तेलुगूचं अक्षर कळत नव्हतं. तूप चोळलेले हात मांडीवर ठेवून, डोळे मिटून ऐकत राहिल्या. संपल्यावर म्हणाल्या, "कुठंच अडकला नाही."

हे आमच्या खोलीत झोपू लागले तरी यांची उशी देवघरातच राहिली होती. ती घेऊन त्या आमच्या खोलीत आल्या, अंथरुणावर ठेवली आणि वरचं लुगडं चाचपलं.

"वाळलं वं हे. भिजव."