साहेब तोंड पुसतात तेव्हा

“अहो, पायाचा अंगठा हलवायला तुमचं काय जात होतं?”

हे कांचन विचारत होती, माझी धाकटी जाऊ, भिंतीपलीकडून. मी अलीकडे तांदूळ निवडत होते. भोपाळच्या शिवाजी नगरातल्या सरकारी क्वार्टरच्या भिंती अशा, की पलीकडच्याला उचकी लागली तर अलीकडच्याने पाणी प्यावं. कान लावायची गरजच नव्हती. दत्तूभाऊजी, म्हणजे माझे दीर, एवढंच म्हणाले, “चेंडू पडला तिथूनच मारायचा असतो. हलवायचाच असेल तर घरी बसून गोट्या खेळाव्यात.”

“चेंडू काय तुमच्या बापाचा होता?”

त्यांचा बाप म्हणजे माझे सासरे, म्हणून मी सूप जरा जोरात आपटलं. भांडण तेवढ्यावर थांबलं.

वीस वर्षं झाली त्या भांडणाला. भाऊजी तेव्हा गोल्फच्या मैदानावर साहेबांच्या काठ्यांची बॅग वाहायचे. ह्यांची उज्जैनहून भोपाळला बदली झाली, तेव्हा मॅट्रिकला दोनदा नापास झालेला भाऊ बरोबर आला आणि आमच्या मागच्या खोलीत राहिला. कोणीतरी त्याला मैदानावर लावून दिलं. बॅग खांद्यावर चढली ती उतरलीच नाही.

भांडण कशावरून, ते सांगायचं तर एक घाणेरडी रीत सांगावी लागेल. ते मैदान कसलं, टेकडीच ती. उभं राहावं तिथे एक पाय वर, एक पाय खाली. साहेब लोक शिकतात सपाट चटईवर, आणि चेंडू जाऊन पडतो उतारावर नाहीतर खड्ड्यात. तिथून मारता येत नाही. मग साहेब पाठ फिरवतात, रुमाल काढतात आणि तोंड पुसायला लागतात. पुसून होईपर्यंत बॅगवाल्याने चप्पल काढायची, पायाच्या बोटांत चेंडू धरायचा आणि सपाटीवर नेऊन ठेवायचा. साहेब वळून म्हणतात, अरे वा, चांगला पडला की. कोणी कोणाला काही सांगत नाही, सगळ्यांना ठाऊक असतं. पुढे तोच पायाच्या बोटांतला चेंडू थुंकी लावून पुसायचे काही साहेब. चांगली शिकलेली, बंगल्यात राहणारी माणसं. भाऊजी असं सांगत असले की मी हातातला घास ताटात ठेवून द्यायची.

भाऊजींनी त्या दिवशी चेंडू हलवला नव्हता, म्हणून त्यांचा साहेब हातचा गेला आणि कांचन भडकली. दुसरा साहेब मिळाला, तोही गेला. शेवटी शाहपुऱ्याचे एक साहेब टिकले. तलावाजवळ बंगला, मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेले, मैदानाच्या कमिटीत सेक्रेटरी. ते टिकले, कारण भाऊजी त्यांना चेंडू हलवून देत नसले तरी उतारावरून मारायचं कसं ते सांगायचे, आणि एकांतात साहेब ऐकायचे.

हे ज्ञान भाऊजींना कोणी दिलं नव्हतं. पहाटे मैदान उघडायच्या आधी एका मोडक्या काठीने ते स्वतः मारून बघायचे. एकदा अंगणातल्या उतरत्या फरशीवर लिंबू ठेवून मलाही समजावलं. चेंडू पायांपेक्षा उंचावर असला तर डावीकडे पळतो, तेव्हा काठी आखूड धरायची. पायांपेक्षा खाली असला तर उजवीकडे पळतो, तेव्हा नेम थोडा डावीकडे धरायचा, गुडघे वाकवायचे आणि मारून होईपर्यंत ताठ व्हायचं नाही. चढावर खांदे चढासारखे, उतारावर उतारासारखे. जमिनीशी भांडायचं नाही.

मी म्हटलं, उतारावरच्या नळावरून भरलेली घागर आणताना बायका हेच करतात, त्यांना कोणी टाळ्या वाजवत नाही.

“म्हणून तर तुम्हाला सांगतोय वहिनी,” भाऊजी म्हणाले, “साहेबांना कळायला सहा महिने लागतात.”

मागच्या हिवाळ्यात कमिटीने ठरवलं की नव्या मेंबरांना शिकवायला एक माणूस कायमचा ठेवायचा. त्याला युनिफॉर्म, त्याला खुर्ची. भाऊजी एकसष्ट वर्षांचे, चढउतार करून उजवा गुडघा कामातून गेलेला, बॅग उचलताना दात आवळायचे. बॅग वाहण्याचं आणखी एक वर्ष त्यांच्याच्याने होणार नव्हतं, हे घरात सगळ्यांना दिसत होतं. साहेबांनी सांगितलं, दत्तू, वर्षाची मॅच होऊन जाऊ दे, मग तुझ्या नावावर सही करतो. कांचनने तेवढ्यावर शेजारणीला सांगून टाकलं की आमचे हे आता मास्तर होणार.

मॅचच्या दिवशी बॅगवाल्यांच्या घरच्यांनाही जेवण होतं, म्हणून आम्ही दोघी गेलो. शेवटच्या भोकात रोवलेल्या झेंड्याजवळ शामियाना. साहेब लोकांचं जेवण एकीकडे, आमचं जनरेटरच्या धुरात. पनीरवर तेलाचा असा तवंग की चेहरा दिसावा. माझा बघून झाला. मी नुसता भात खाल्ला.

शाहपुऱ्याचे साहेब शेवटच्या झेंड्यापाशी आले तेव्हा त्यांच्यात आणि समोरच्या मेंबरात बरोबरी होती म्हणे. चेंडू उडाला आणि आमच्या डाव्या हाताच्या उतारावर, रानडुकरांनी उकरलेल्या जागेच्या कडेला पडला. साहेबांच्या पायांपेक्षा चांगला वीतभर खाली. मारताना बोलायचं नसतं, म्हणून शामियानाभर शांतता झाली.

साहेबांनी पाठ फिरवली आणि रुमाल काढला.

भाऊजी होते तिथेच उभे राहिले. साहेबांनी कपाळ पुसलं, गाल पुसले, मान पुसली. कानांच्या मागे पुसलं. डिसेंबरचा महिना, घाम कसला येतोय. कांचनने माझा दंड धरला. “हलवा हो पाय,” ती तोंडातल्या तोंडात म्हणाली, “एकदाच हलवा.” साहेबांनी रुमालाची घडी उलटी करून पुन्हा सुरुवात केली. तेवढ्यात मागे कोणीतरी खुदकन हसलं, आणि सगळ्यांना कळलं की सगळ्यांना कळलंय.

मग भाऊजी मोठ्याने म्हणाले, अगदी आदराने, “साहब, गेंद पैरों से नीचे है. घुटने मोड़े रखिए, निशाना ज़रा बाएँ.”

साहेब वळले. चेहरा उकडलेल्या रताळ्यासारखा. पण केलं सांगितलं तसंच. गुडघे वाकवले, वाकलेलेच ठेवले, आणि चेंडू डावीकडून निघून वळत वळत झेंड्यापासून हातभर अंतरावर येऊन थांबला. एका टिचकीत भोकात. टाळ्या. भाऊजी काठी घ्यायला पुढे गेले ते हसत. त्यांना वाटलं, आपण साहेबांना जिंकून दिलं. जन्मभर साहेबांमध्ये वावरलेला माणूस, पण एवढं कळलं नाही की चारचौघांत रुमाल हातात धरून उभा केलेला साहेब कप मिळाला म्हणून माफ करत नसतो.

साहेबांनी कप घेतला आणि माइकवर म्हणाले, “गोल्फ ईमानदारी सिखाता है. गेंद जहाँ गिरी, मैंने वहीं से खेली.” पुन्हा टाळ्या. मी हात पदरात गुंडाळून घेतले.

नंतर गाडीपाशी त्यांनी भाऊजींना बोलावलं. आवाजात साखर. एमपी नगरातल्या कुठल्याशा क्लासचं सर्टिफिकेट असलेला एक मुलगा आहे, कंप्यूटरवर दाखवून शिकवतो, खुर्ची त्याला दिली. तुझ्या गुडघ्यांना आता आराम हवा दत्तू, उद्यापासून नको येऊस. मग काच वर करता करता आठवलं त्यांना. “और हाँ, बैग घर छोड़ देना.” स्वतःची गाडी रिकामी, डिकी रिकामी, आणि बॅग भाऊजींनी पोचवायची.

आम्ही तिघं रिक्षात बसलो, चौथी ती बॅग. मी म्हटलं, भाऊजी, शाहपुऱ्याचा तलाव वाटेतच आहे, द्या ढकलून. पाण्याची घाण आणखी काय वाढणार.

“काठ्यांनी काय केलंय वहिनी?”

“मग घ्या मांडीवर,” कांचन म्हणाली, “झबलं-टोपरं घाला.” पण शेजारणीला आता काय सांगायचं, ते तिने विचारलं नाही. रस्ताभर दुसरंच काहीतरी बडबडत राहिली, रिक्षावाल्याच्या चालवण्यावर, रस्त्यावरच्या गाईंवर.

बंगल्यात साहेब आधीच पोचले होते. वरून टीव्हीचा आवाज येत होता. बाहेर कोणी आलं नाही. भाऊजी पोर्चच्या पायरीवर दुखरा पाय लांब करून बसले आणि एकेक काठी काढून ओल्या फडक्याने पुसू लागले. जुन्या दातांच्या ब्रशने खाचांतली माती काढली. कांचनने फाटकातून हाक मारली, आता कोणासाठी घासताय हो. लहानमोठ्या काठ्या आपापल्या खणात गेल्या, हातमोजा वाळायला वरच्या दोरीला अडकवला, बॅग जिन्याखाली भिंतीला टेकवून ठेवली, तोंड आतल्या बाजूला, म्हणजे येताजाता कोणाला अडकू नये. बेल वाजवून आतल्या बाईला सांगितलं, बॅग आली. आणि फाटकाची कडी लावून रिक्षात येऊन बसले.