मेखा ठोकणारी दुनळी

आमच्या घरात एक दुनळी बंदूक आहे आणि तिच्याविषयी मत असलेले तीन पुरुष आहेत. चौघांत शहाणी बंदूकच. ती गप्प असते.

बंदूक सासऱ्यांची. जन्मभर मेंढरांमागं फिरलेला माणूस; लांडग्यांसाठी म्हणून परवाना काढलेला. त्यांच्यामागं तो मुलांच्या वडलांकडं आला; तेही गेले तेव्हा माझ्या नावावर झाला. त्यामुळं बंदुकीचं काहीही करायचं तर म्हातारीला विचारावं लागतं, हे तिघांच्याही घशात अडकून बसलेलं.

थोरल्या मुलानं जतला बंगला बांधला. हॉल एवढा मोठा, की पाहुण्याला हाक मारायची तर उठून जवळ जावं लागतं. त्या भिंतीवर त्याला बंदूक हवी होती.

"आई, सांगलीला कारागीर हाय. अक्रोडाच्या लाकडाचा नवा दस्ता बसवू, नळ्या काळ्याभोर करून घिऊ. खाली पितळंची पाटी. 'याच बंदुकीनं आजोबांनी अठरा लांडगे मारले.'"

"अठराच का रं? लिव्हणारा तूच हायस, वीस तरी कर."

नातवाला नळ्या कापून उभा दिवा करायचा होता. पुण्यात शिकतो तो. "आज्जी, लय भारी दिसंल!" परवान्याची बंदूक कापली तर पोलीस नेतात, हे त्याच्या शिक्षणात अजून आलेलं नाही. म्हटलं, "जेलात बी दिवे असत्यात. तितं बसून बघ."

राहिले धाकटे दीर. "वैनी, हात लावू नका. धूळसुदा पुसायची न्हाई. वडलांची आठवण हाय." कामचुकारपणाला आठवण म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. हे गृहस्थ तरुणपणी मेंढरांच्या वासानं नाकाला रुमाल लावून हिंडायचे.

आता खरं ऐका. सासऱ्यांनी एकही लांडगा मारला नाही. लांडग्यानं एखादं कोकरू नेलं तर तो त्याचा वाटा, असं आमच्यात जुनी माणसं मानायची. तो दुसऱ्या कोकरासाठी बसून राहू नये म्हणून मामंजी वर आभाळात एक बार काढायचे, बास. एरवी बंदुकीचं काम एकच. रानात मेंढरं बसवायची म्हणजे भोवती वाघर, म्हणजे जाळं, लावायचं. त्याच्या मेखा ते बंदूक उलटी धरून दस्त्यानं ठोकायचे. हातोडा म्हणून वेगळं ओझं कशाला? म्हणून दस्त्याला एवढे खड्डे. चीर पडली तेव्हा त्यांनी वर मेंढीच्या कातड्याची पट्टी ओली करून आवळली. वाळली ती लोखंडासारखी बसली.

आणि मी? माझं माहेर वडूजचं. पहिल्या दिवाळीला माहेरी गेले आणि मैत्रिणींना सांगितलं, दस्त्यावर वाघाच्या दातांच्या खुणा आहेत. जतला वाघ! तिथं टँकरच्या हॉर्नशिवाय दुसरी डरकाळी कुणी ऐकलेली नाही. पण ती बावळट पोरगी नथ सावरत सांगत होती, आणि तितक्याच बावळट पोरी तोंडं उघडी टाकून ऐकत होत्या. मेंढक्याच्या घरात दिलं हे सांगायची तिला लाज. शिकाऱ्याच्या घरात दिलं म्हटलं की मान ताठ. आज भेटली तर दोन थोबाडीत देईन. वाघाचा पुढं लांडगा झाला, एवढीच काय ती अक्कल वाढली. तेच ऐकत थोरला मोठा झाला.

दस्ता बदलला, की मेखा ठोकणारा म्हातारा गेला आणि पाटीवरचा खाटीक तेवढा उरला. हे मला नको होतं. तरी मी थोरल्याबरोबर सांगलीला गेले. माझ्यावाचून बंदूक घराबाहेर काढता येत नव्हती.

कारागिरानं बंदूक उघडली, नळीतून उजेडाकडं पाहिलं आणि लाकडांचे नमुने मांडले, लग्नाचे शालू दाखवावेत तसे.

"नळ्या साफ करा. तेल द्या. चीर वाढू नये एवढं बघा," मी म्हटलं. "दस्ता हाच."

"आजी, असला दस्ता बघून लोक हसतील."

"हसू द्या की. याचा बंगला बघून तरी कोण रडतंय?"

थोरल्याचं तोंड एवढंसं झालं. परतताना कवठे महांकाळला चहाला थांबलो तेव्हा मी त्याला मेखांचं सगळं सांगितलं.

"म्हंजी एक बी लांडगा न्हाई?"

"न्हाई."

"घायाळ तरी केला असंल?"

"अरं, न्हाई म्हटलं न्हवं!"

त्यानं कप खाली ठेवला. "मग हॉलमदी लावून उपेग काय?"

आजोबा आवडत होते ते मेलेल्या लांडग्यांपुरते. लांडगे उठून पळाले, तसे आजोबाही नकोसे झाले. मी चहा संपवला. त्याचाही संपवला.

बंदूक माझ्या खोलीतल्या लोखंडी कपाटात आहे, कुलपात. तेल मीच देते. हॉलच्या भिंतीवर आता पळणाऱ्या सात घोड्यांचं चित्र आहे. आमच्या सात पिढ्यांत घोड्यावर कुणी बसलेलं नाही. पण पाहुणे आले, की थोरला त्या चित्राकडं बघत मिशीवरून हात फिरवतो, आणि मी आत जाऊन तोंडात पदर कोंबते.